दोन वाटे भावाला

खिलाफत हवी का, हे मला पहिल्यांदा विचारलं ते पादांग शहरातल्या कॉलेजातून आलेल्या एका पोरीनं, आणि तेही सकाळी, माझ्या चहाच्या दुकानात, ऐन गर्दीच्या वेळी. एका हातात टॅब, दुसऱ्या हातात मी दिलेली केळ्याची भजी. "सगळ्या मुसलमानांचा मिळून एक खलिफा असावा आणि देशात शरियत लागू व्हावी, याला तुमचा पाठिंबा आहे का? भरपूर आहे, थोडा आहे, की नाही?"

"भरपूर लिही," डॉमिनोच्या टेबलावरून बुस्तामी ओरडला. हा पूर्वी पेकानबारूच्या बसवर ड्रायव्हर होता; अजूनही हॉर्न वाजवल्यासारखाच बोलतो. "भरपूरच्या वर काही असेल तर ते लिही, पोरी."

"खलिफा आला की खत स्वस्त होईल का रे?" कोणीतरी विचारलं.

"स्वस्तच होणार! मधल्या मधे खाणाऱ्यांचे हात कापले जातील ना."

"मग गावच्या कचेरीत सह्या कोण करणार?"

"आणि बुस्तामी, तुझ्या डॉमिनोचं काय? जुगार आहे तो."

"जुगार कसला? हरलेला सगळ्यांना चहा पाजतो. दान आहे ते, दान!"

दुकान खदखदलं. पोरगी बिचारी एकेकाला विचारून 'भरपूर' टिपत गेली आणि शेवटी माझ्याकडे वळली. मी अंड्याच्या चहासाठी बलक फेटत होते. मीही भरपूर म्हटलं. देवाचा कायदा नको असं कोण म्हणेल? आणि हो म्हणायला माझं जातंय काय?

हसला नाही तो एकटा फौझाल, माझा धाकटा. पदवी घेऊन गावात परत आला होता, मशिदीत पोरांचे वर्ग घ्यायचा. खिलाफत मागणाऱ्या त्याच्या मंडळावर सरकारनं बंदी घातली तेव्हापासून मंडळाचं नाव कोणी घेत नसे, बसणं-बोलणं मात्र तसंच चालू होतं. मुलगा गुणी, हे मी आजही म्हणेन. सिगारेट नाही, थापा नाहीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. घरात असा माणूस असला की बाकीच्यांना फार जपून वागावं लागतं.

"तुम्ही हो पण म्हणता आणि हसता पण," तो म्हणाला. "उद्या खरंच आलं तर?"

"आलं तर येऊ दे की!" बुस्तामी म्हणाला. "त्या दिवशीचा चहा माझ्याकडून."

त्याच दिवसांत आमच्या शेताची मोजणी चालली होती. सरकार गावाला जमिनीचे पट्टे वाटत होतं. आमची तीन खाचरं, सागो डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्याखाली एकाखाली एक. माझ्या आईची, तिच्या आईची, तिच्याही आईची. आमच्यात शेत आईकडून लेकीकडे जातं. भावानं त्याची राखण करायची, भाच्यांना वळण लावायचं, आणि झोपायला आपल्या बायकोच्या घरी जायचं. म्हणून पट्ट्यावर नावं लागणार होती माझं आणि रेफनीचं. रेफनी माझी थोरली. तिचा नवरा मलेशियात कामाला गेला तो तिकडचाच झाला, दोन लेकरं हिच्या पदरात टाकून. दुकानावर मीठमिरची निघत होती, पण ताटातला भात येत होता तो त्या खाचरांतून. नांगर धरायला तेवढा माणूस बोलवायचो. लावणी, बेणणी, कापणी, सगळं रेफनी करायची. पट्ट्यासाठी आता फक्त माझ्या भावाची सही हवी होती. जसरुल माझ्याहून लहान, पण घराण्याचा दातुक, म्हणजे कारभारी, तो. त्याच्या सहीशिवाय आमच्या जमिनीचा कागद हलत नाही.

"अमाक, ही नावं अशी लावू नकोस," एक दिवस जेवताना फौझाल मला म्हणाला.

"का रे?"

"देवाचा हुकूम वेगळा आहे. मुलाला दोन वाटे, मुलीला एक."

रेफनीनं भाताचं भांडं दाणकन खाली ठेवलं. "म्हणजे तुला दोन खाचरं आणि मला एक? चिखलात कधी उतरलास ते सांग आधी. तुझ्या पायाला कधी जळू तरी लागलीय का?"

"मला नकोच आहेत, उनी." उनी म्हणजे ताई; तिच्याशी तो नेहमी हळूच बोलायचा. "अमाकच्या मागे माझ्या वाट्याला जे येईल ते मी त्याच दिवशी तुला देऊन टाकीन. पण आधी हुकूम पाळला गेला पाहिजे. मशिदीत पोरांना एक शिकवायचं आणि घरात आजीचा कायदा चालवायचा, हे माझ्यानं होत नाही."

"परतच द्यायचं तर घेतोस कशाला? हाताला खाज सुटलीय?"

"तुला नाही कळायचं ते."

"मला लावणी कळते. तुला काय कळतं?"

मला खरं तर राग यायला हवा होता. पण आला तो अभिमान. सगळं गाव तोंडानं बोलतं आणि माझा मुलगा करून दाखवतोय, असं वाटलं. शिवाय तो परत देणार होता, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

शुक्रवारी नमाजानंतर जसरुल सही करायला आला. पुढच्या खोलीत चटया घातल्या होत्या. साक्षीला बुस्तामी आणि दुकानातले दोघेचौघे, आणि मान म्हणून गावचे म्हातारे गुरुजी, बुया. बुयांनी अर्ध्या गावाला कुराण शिकवलंय, पण आता वय झालं, आवाज पार बसलाय. पडद्यामागे आमच्या कुराणपठणाच्या बायका. फौझालनं सगळ्यांसमोर आपलं म्हणणं मांडलं. बोलला छान. मला पाठ होतं तरी मी कान देऊन ऐकलं.

बुयांनी मान हलवली. "बाळ, ही जमीन कोणा एकट्याच्या मालकीची नाही. ती वक्फासारखी आहे, पुढच्या लेकीबाळींसाठी ठेवलेली. हा वाद आमच्या थोरांनी केव्हाच मिटवलाय. तू स्वतः कमावशील ते शरियतप्रमाणे वाट, मी येईन वाटून द्यायला."

"थोरांनी आपली सोय पाहिली, बुया," फौझाल म्हणाला.

"पोरगा बोलतो ते खोटं नाही," बुस्तामी म्हणाला. त्याच्या बहिणीचं खाचर रस्त्याला लागून आहे, हे मला त्या वेळी आठवलं नाही.

जसरुल इतका वेळ लवंगाची सिगारेट ओढत ऐकत होता. ती त्यानं बशीत विझवली आणि भाच्याकडे वळून अगदी मायेनं विचारलं, "मुलाला दोन, मुलीला एक. बरोबर ना, फौझाल?"

"बरोबर, मामा."

"हे शेत कोणाचं?"

"अमाकचं."

"तिच्याकडे कुठून आलं?"

"आजीकडून."

"आजीला मुलं किती?"

फौझालनं बोटांवर मोजलं. मग तो म्हणाला, "दोन. एक मुलगी आणि एक मुलगा."

"तुझी आई आणि मी," जसरुल म्हणाला.

मी मुलाकडे पाहिलं. वाटलं, आता तरी हा म्हणेल की चुकलं माझं, राहू दे. पण तो प्रामाणिक ना! तो विचार करत होता, हिशेब तपासत होता. आणि मग निर्मळ चेहऱ्यानं म्हणाला, "मामांचं बरोबर आहे. मोजायचं तर आजीपासूनच मोजायला हवं. दोन वाटे मामांचे, एक अमाकचा."

"मामा, तुम्ही दातुक आहात!" रेफनी उठून उभी राहिली. "राखणदार आहात तुम्ही शेताचे!"

"राखणच करतोय, पोरी. देवाच्या हुकमाची."

"जसरुल, लाज बाळग," बुया म्हणाले. पण त्यांचा आवाज तो केवढासा. जसरुल त्यांना म्हणाला, "बुया, तुम्हाला बरं नाहीये. दगदग करून घेऊ नका."

जसरुलचं मला ठाऊक होतं. बायकोच्या घरी तो रोज टोमणे खायचा: बहिणीचं शेत राखतोस, तुझ्या पोरांना काय? थोरल्याचं पेकानबारूतलं दुकान बुडालं होतं, धाकटा नुसताच हिंडत होता. इतकी वर्षं त्यानं ते गिळलं, कारण दुसरी वाटच नव्हती. ती वाट माझ्या मुलानं दाखवली.

"तुला कडेवर घेऊन हिंडले रे मी त्या बांधावरून," मी म्हणाले. "आईच्या मागे माझ्याच हातचं जेवलास."

"ते मी विसरलो नाही, उनी. म्हणून तर माझं मी घेत नाही, तुला विचारतोय. चार लोकांसमोर तूच सांग. देवाचा कायदा तुला मान्य आहे की नाही?"

आमच्यात घरच्या बाईनं नाही म्हटलं की शेतातलं ढेकूळही हलत नाही. दातुक असो नाहीतर खलिफा असो. एक 'नाही' पुरे होतं. पण प्रश्न शेताचा राहिलाच नव्हता. समोर बुस्तामी बसला होता, त्याच्यादेखत मी भरपूर म्हटलं होतं. पडद्यामागे बायका होत्या. त्यांच्याबरोबर दर आठवड्याला हात पसरून मी हेच तर मागत आले. आणि मुलगा माझ्याकडे बघत होता, लहानपणी कुराणाचा पहिला सुरा पाठ म्हणून दाखवल्यावर बघायचा तसा. रेफनी पण बघत होती. तिच्याकडे मी पाहिलंच नाही.

"मान्य," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. बुस्तामीनं "अलहमदुलिल्ला" म्हटलं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून म्हटलं. बुया काठी शोधत उठले आणि चहा न घेता गेले.

मामा परत देतील, असं फौझालनं मला त्या संध्याकाळी सांगितलं. त्याला खरंच तसं वाटत होतं! आपण दिलं असतं म्हणजे जग देईल. चार दिवसांनी तो विचारायला गेला. जसरुल म्हणाला, "देईन की. माझी पोरं हो म्हणू देत, लगेच देतो." त्या पोरांनी पुढच्या लावणीच्या आत वरची दोन खाचरं विकली, झऱ्यासकट. घेणाऱ्यानं तिथे माशांची तळी खणली. खालच्या खाचरात आता पाणी येतं ते त्याला नको असेल तेव्हा, म्हणजे भात आडवं पडायच्या दिवसांत.

"मामांनी पाप केलं," फौझाल म्हणाला. "हुकमाचा त्यात दोष नाही."

"नाही रे बाबा. हुकमाचा दोष नाही, तुझा नाही, मामा म्हणतो त्याचाही नाही. सगळे पुण्यवान. तेवढं शेत कुठे गेलं ते विचारून ये कोणालातरी."

तो खाली मान घालून गेला आणि मला बरं वाटलं. बदमाश असता तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. या मुलाला शिवी लागत नाही.

दुकान मात्र जोरात चाललं. बुस्तामीनं बहिणीच्या खाचरात वाटा मागितला; ती आता त्याला रस्त्यात दिसली तर थुंकते. आणखी दोघांच्या घरी भांडणं लागली. तरी टेबलावर खिलाफतीच्या गोष्टी पहिल्यासारख्याच, उलट जास्तच, कारण आता प्रत्येकाला तिच्यात काहीतरी दिसू लागलं होतं. मी चहा देत राहिले. न देऊन खाणार काय?

रेफनी बाताम बेटावरच्या कारखान्यात कामाला गेली. आमच्याकडे दूरदेशी जायचं ते पुरुषांनी. बाईनं घर, शेत, चूल धरून राहायचं. बस आली तेव्हा बुस्तामीला राहवलं नाही. "आता पोरीसुद्धा निघाल्या का नशीब काढायला!"

"हो, काका," रेफनी म्हणाली. "आणि पोरं घर राखायला राहिली."

फौझालनं तिची बॅग वर चढवली. तिनं लेकरांचे मुके घेतले, माझ्या हाताला हात लावला न लावला असं केलं आणि खिडकीशी जाऊन बसली. 'मान्य' म्हणाले त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. बस हलली तरी तिनं वळून पाहिलं नाही.

खालच्या खाचराचं भात त्या हंगामात नुसतं फोल निघालं. कणगी खरवडून झाली तेव्हा मी बाजारात तांदळाच्या दुकानात गेले, जन्मात पहिल्यांदा. दुकानदारीण ओळखीची. तिनं विचारलं, "कुठला देऊ, उनी?" समोर ओळीनं पोती उघडी. बी ओंजळीत घेऊन मी सांगितलं असतं कुठलं कधी लोंबीला येईल. पण विकतच्या तांदळाची नावं मला येत नव्हती. कुठलाही दे, म्हटलं. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि माझी लाज राखायला पटकन पिशवी बांधली.

दुपारी नातवंडांना वाढलं. मग फौझाल हात धुऊन बसला. बिस्मिल्ला म्हणून त्यानं पहिला घास घेतला, चावला, आणि दुसरा घेतला. गुणी मुलगा, अन्नाला नाव ठेवत नाही. ताट संपवून त्यानं पुढे केलं. भांड्यात भात होता. आजवर या घरात मी कोणाला वाढताना हात आखडला नव्हता, पाहुण्याला नाही, परक्याला नाही.

"संपला," मी म्हणाले, आणि भांड्यावर झाकण ठेवलं.