आठ दिवसांची बोली

मी एक जुनी लॉरी बोलतेय. पुढे दोघांपुरता बाक, मागे माल टाकायला उघडी फळी आणि जुन्या खाकी रंगावर घाईघाईने फासलेला हिरवा रंग, असा माझा अवतार. सध्या कळवणजवळच्या एका वस्तीवर, नाथा गाडीवानाच्या अंगणात चिंचेखाली उभी आहे. आज पाचवा दिवस. म्हणजे अजून तीन उरले. मी दिवस का मोजतेय ते माझी हकीकत ऐकलीत की कळेल, आणि ती मला लवकर सांगायची आहे.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. लाकडी खोक्यातून मुंबईच्या बंदरात उतरले आणि तिथून देवळाली कॅम्पात आले. कॅम्पाला पाव पुरवणारा एक ठेकेदार होता, त्याच्याकडे मी सात वर्षं राबले. पहाटे भट्टीतून निघालेले गरम पाव पाठीवर घ्यायचे आणि बराकींपर्यंत न्यायचे. थंडीत पाठ अशी शेकून निघायची, की सुख म्हणजे दुसरं काय! तेवढंच सुख माझ्या वाट्याला आलं म्हणा.

माझ्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक मोठा गोळा आहे. त्याच्या पोटात दातेरी चाकं असतात आणि इंजिनाची ताकद त्यांच्यातून माझ्या चाकांना मिळते. मिस्त्री लोक त्याला डिफरन्शिअल म्हणतात. त्याला वेळच्या वेळी वंगण लागतं, बाकी त्याची काही मागणी नसते. पण माणसाची एक खोड मी जवळून पाहिली आहे. डोळ्यांसमोर जे असतं ते तो रोज पुसतो, आणि खाली, मागे, अंधारात जे राबत असतं त्याची त्याला आठवण राहत नाही. माझे दिवे रोज लखलखायचे आणि गोळा कोरडा ठणठणीत. दात झिजले. मग मी बोलायला लागले. आधी नुसती गुणगुण, मग कण्हणं, आणि चढावर तर असा हंबरडा की रस्त्यातली कुत्री भुंकत मागे लागायची. ठेकेदार कंटाळला आणि त्याने मला खंडेरावाच्या गळ्यात मारलं.

खंडेराव देवळालीच्या बाजारात जुन्या मोटारींची दलाली करायचा. गोड बोलून गळा कापण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने मला फक्त एकदा चालवून पाहिलं आणि आपल्या सलाउद्दीन मिस्त्रीला हाक मारली.

"सल्लू, हिचं तोंड बंद कर."

सलाउद्दीनने मान खाली घातली. समोरच्या सुताराकडून लाकडाचा बारीक भुसा आणला, घट्ट ग्रीसमध्ये मळला आणि माझ्या गोळ्यात ठासून भरला. दातांच्या फटी बुजल्या. मी ओरडायला गेले तर आवाजच फुटेना. भुसा होता तोवर मी मुकी होते. माल लादून चढावर नेलं, गोळा तापला, तरच तो जळून जाणार आणि माझं खरं रूप बाहेर पडणार होतं. रिकामी फिरवली तर कित्येक दिवस कोणाला पत्ता लागला नसता.

आणि गिऱ्हाईक आलं ते इब्राहिम!

इब्राहिम नाशिकचा टांगेवाला. नाशिक रोड स्टेशनापासून गावापर्यंत त्याच्या बिजली नावाच्या घोडीचा टांगा पंधरा वर्षं धावला. पण छत्तीस साल उजाडलं तोवर त्या रस्त्यावर माणसं नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारी इतक्या झाल्या, की दिवस दिवस टांग्यात माशी बसेना. शेवटी त्याने मन घट्ट केलं. टांगा आणि घोडी द्यायची आणि मालवाहू लॉरी घ्यायची. कॅम्पातल्या एका ड्रायव्हरकडून तो मोटार हाकायलाही शिकला. सिन्नरचे वाणी सावळीराम यांनी त्याला शब्द दिला होता, की गाडी असेल तर रेल्वेच्या मालधक्क्यावरून मिठाची पोती सिन्नरला आणायचं कायमचं काम तुझं.

इब्राहिमला एका गोष्टीचा फार अभिमान. घोड्याच्या बाजारात त्याला कोणी फसवलं नव्हतं. तो माझ्याभोवती तीनदा फिरला. चाकांवर थापा मारल्या. बॉनेटला कान लावला. मग खंडेरावला म्हणाला, "घोडेवाले खोडकर जनावराला अफू चारतात अन् गरीब म्हणून विकतात. दोन दिवसांनी अमल उतरला की लाथा सुरू. मला सगळं ठाऊक आहे. म्हणून आपली आठ दिवसांची बोली. आठ दिवसांत खोड निघाली तर गाडी तुमची, घोडी माझी."

खंडेराव हसला. "आठ तर आठ! पण इब्राहिमभाई, जपून वापरा हं. नवी आहे तुम्हाला."

तो का हसला, ते मला पुढे कळलं. टांगेवाल्यांची रीत त्याला माहीत होती.

बिजलीला नेलं तेव्हा ती वळून वळून बघत होती. इब्राहिमने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्यात येऊन बसला. चौक मंडईजवळच्या त्याच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे ती बांधलेली असायची तिथेच मला उभं केलं. जैतुनबीने, त्याच्या बायकोने, माझ्यावरून पाणी ओवाळून टाकलं. "रेहानाच्या अब्बा, उद्या सिन्नरला जाणार ना?" तिने विचारलं.

"उद्या?" इब्राहिम म्हणाला. "नवं जनावर दारात आलं की आठ दिवस ओझ्याला लावायचं नसतं, जैतून. त्याला माणसाची सवय होऊ दे, हवा मानवू दे. आमच्या अब्बांनी शिकवलंय."

मी आतून किंचाळले. अरे देवमाणसा, मी घोडी नाही! मला विसावा नको, मला पोती दे! आजच दे, सिन्नरच्या वाटेवरच्या मोहदरीच्या घाटात ने! पण भुसा भरलेल्या तोंडातून काय बाहेर पडणार?

ते आठ दिवस माझ्या जन्मातले सगळ्यात लाडाचे आणि सगळ्यात वाईट. रोज सकाळी तो मला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेऊन धुवायचा. रिकामीच पंचवटीपर्यंत फिरवून आणायचा, जनावराला पाय मोकळे करायला नेतात तसं. माझ्या बॉनेटवर हात फिरवत "शाबास, शाबास" म्हणायचा. गल्लीतले लोक म्हणाले, "काय गरीब गाडी आहे हो, हूं की चूं नाही." तो खूश व्हायचा. मी एकेक दिवस मोजत होते. सहावा गेला. सातवा गेला. आठव्याला मी रिकाम्या पोटी जोर लावून लावून थोडीशी गुणगुणले, तर तो हसून म्हणाला, "आता ओळखायला लागली मला!"

नवव्या दिवशी माझ्या पाठीवर मिठाची चाळीस पोती पडली. मोहदरीच्या घाटात अर्ध्या चढावर गोळा तापला, जळक्या लाकडाचा वास सुटला आणि माझं तोंड उघडलं. नऊ दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. समोरून येणाऱ्या बैलगाडीचे बैल बुजून थेट चारीत उतरले. इब्राहिमने गाडी थांबवली, उतरला, दोन्ही हात माझ्या मागच्या फळीवर टेकले आणि तसाच उभा राहिला. त्याला कळलं होतं. घोड्यांची लबाडी ओळखणाऱ्या माणसाला मोटारीची लबाडी कळायला एक चढ पुरला, पण एका दिवसाने उशीर झाला होता.

कशीबशी सिन्नरला पोचले. सावळीरामांनी आवाज ऐकून कपाळाला हात लावला. "इब्राहिम, ही मधेच कुठंतरी बसणार. माझं मीठ उघड्यावर पडलं तर? तू माणूस चांगला आहेस, पण उद्यापासून नको."

तिथून तो थेट खंडेरावाकडे गेला. खंडेराव पान जुळवत होता. "आज कितवा?" त्याने विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "नववा. बोली आठाची होती, आणि ती तुम्हीच घातलीत." बिजली त्याने कधीच स्टेशनावरच्या दुसऱ्या टांगेवाल्याला देऊन टाकली होती.

सलाउद्दीनने गोळा उघडला. आत कोळशासारखा झालेला भुसा. इब्राहिमने तो चिमटीत धरून विचारलं, "हे कोणी भरलं?"

सलाउद्दीन हात पुसू लागला. मग म्हणाला, "माझ्याच हातचं आहे, इब्राहिमभाई. त्याच्याकडे रोजावर आहे मी, काय करणार? नवे दात मुंबईहून आणावे लागतील आणि ते तुम्हाला झेपणार नाहीत." मग खालच्या आवाजात म्हणाला, "पुन्हा भरून देतो. तुम्हीही कोणाला तरी..."

इब्राहिमने तो काळा भुसा त्याच्या पायांपाशी फेकला आणि मला घेऊन निघाला.

पण दोन महिन्यांत माणूस कुठल्या कुठे जातो! घरात जैतुनबी विड्या वळायला लागली. इब्राहिम स्टेशनावर हमाली करायला जाऊ लागला. एक दिवस तिथे बिजलीने त्याला ओळखलं. टांग्याला जुंपलेली असताना ती त्याच्या दिशेने खिंकाळली आणि नव्या मालकाने तिच्या तोंडावर चाबूक ओढला. त्या संध्याकाळी इब्राहिम घरात शिरला नाही, मला घेऊन सलाउद्दीनकडे गेला. म्हणाला, "भर."

आणि कळवणचा नाथा आला. हा गाडीवान, बैलगाडीने लोकांचा माल वाहणारा. त्याचंही तेच दुखणं, लॉऱ्यांनी त्याचं काम पळवलं होतं. सोबत मोटार शिकलेला मेहुणा आणि गाडीला जुंपलेली खिल्लारी जोडी. सौदा ठरला. जोडी इब्राहिमची, मी नाथाची. त्या जोडीच्या बदल्यात बिजली परत द्यायला स्टेशनावरचा टांगेवाला तयार होता.

नाथा म्हणाला, "पाव्हणं, एक बोली ठेवतो. आठ दिसांत काय खोड निगाली तर गाडी तुमची अन् बैलं माजी."

इब्राहिम दचकला. मग त्याने होकाराची मान हलवली.

जैतुनबी दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "रेहानाच्या अब्बा, सांगा त्याला."

"मला कोणी सांगितलं होतं?" इब्राहिम तिच्याकडे न बघता म्हणाला.

नाथा बैलांच्या मानेवरून शेवटचा हात फिरवत होता. डोळे पुसत तो मला म्हणाला, "चल माय. घाबरू नको. आमी नव्या जनावराला आठ दिस जू लावत न्हाई."

मला वाटलं, आता तरी इब्राहिम बोलेल. त्याचे ओठ हललेसुद्धा. मग त्याने बैलांचा कासरा उचलला आणि पाठ फिरवली. याच माणसाने मला गंगेवर धुतलं होतं. मला त्याचा राग यायला हवा, पण येत नाही. रडू येतं.

येताना नांदुरीकडच्या चढावर मी जिवाच्या आकांताने जोर लावला. पण पाठीवर ओझं नव्हतं. जरा कण्हले, तर मेहुणा म्हणाला, "रस्ताच खराब हाय."

नाथाच्या बायकोने, बायडाबाईने, मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. तेव्हापासून चिंचेखाली उभी आहे. मी ओरडले तर इब्राहिमच्या दारातून बिजली पुन्हा जाईल, हे मला कळतं. नाही ओरडले तर नाथाच्या पोरांच्या तोंडचा घास जाईल. आणि गप्प राहिले, तर पुढे नाथाही कोणाला तरी शोधेल. त्यालाही सलाउद्दीन भेटेल. भुसा काय, कुठल्याही सुताराकडे मिळतो.

आज सकाळी शेजारची फुलाबाई मला बघायला आली होती. बायडाबाई तिला कौतुकाने सांगत होती, "लय गुनाची हाय बाई. आल्यापास्नं एका शब्दानं कुरकुरली न्हाई."

मी गुणाची नाही हो बायडाबाई! माझं तोंड बांधलंय! तुमच्यापैकी कोणी या वाटेने आलात, तर थांबा. नाथाशी बोलत बसू नका, तो ऐकणार नाही, बापजाद्यांची रीत मोडायला माणूस तयार होत नाही. सरळ कांद्याची वीस पोती माझ्या पाठीवर टाका आणि मला चढावर न्या. तीन दिवस आहेत अजून. मला ओरडू द्या.