काटे तर सारखेच

“ओढ की! जेवून आली न्हाईस का?” राजवर्धननं दोरी गच्च धरून डिवचलं, तसे करुणानं दात-ओठ खात पाय रोवले.

प्रयोगशाळेत दोरीच्या मधोमध फिजिक्सच्या गावडे सरांनी ओढीचा जोर दाखवणारे दोन ताणकाटे एकमेकांत अडकवले होते. हा सगळा खटाटोप तिच्याच प्रश्नापायी. गेल्या आठवड्यात तिनं भर वर्गात विचारलं होतं, “सर, ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉलीला ओढतो, तेवढ्याच जोरानं ट्रॉली त्याला मागं ओढती म्हणता. मग ट्रॅक्टर कारखान्यावर पोचतो कसा?”

वर्ग खो खो हसला होता. दहावीपर्यंत शाळेत पहिली येणारी पोर बारामतीत अकरावी सायन्सला आली आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाशी जी अडली, ती अडलीच. पाठ करून झालं, रडून झालं. आपलं डोकंच कमी, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. आर्ट्‌सला जायचा आज शेवटचा दिवस होता. त्यासाठी तिचे पप्पा रजा टाकून वडगाव निंबाळकरहून यायचे होते.

“हं, लावा जोर!” सर म्हणाले.

राजवर्धन इंदापूरचा, रोज तालमीत घाम गाळणारा. करुणा म्हणजे नुसती काडी. निकाल सगळ्यांना ठाऊकच होता; पण झालं भलतंच. तो गडी जागचा सुटला आणि फरशीवरून घसरत थेट तिच्यापुढं आला.

“आयला, काय ताकद हाय हिच्यात!” पोरांनी बाकं बडवली. तिची मैत्रीण संस्कृती तर तिच्या गळ्यातच पडली.

करुणा मात्र खुळ्यासारखी काट्यांकडं बघत राहिली.

“हिनं जास्त जोर लावला, सर. सोपं हाय,” राजवर्धन ओशाळून म्हणाला.

“न्हाय!” करुणा एवढ्यानं ओरडली की बाकं थांबली. “माझी नजर काट्यांवरच हुती. दोन्ही सारखंच दाखवत हुते. मी जास्त न्हाय ओढलं.”

“अगं, जिंकलीस न्हवं? मग भांडतीस कशाला?” संस्कृती म्हणाली.

“पण जिंकले कशी?”

तिनं सरांकडं पाहिलं. ते आपले निवांत चष्मा पुसत होते. तिला त्यांचा असा राग आला!

एवढ्यात दारात तिचे पप्पा, रवींद्र, हेल्मेट हातात घेऊन उभे राहिले. “करू, चल बाळा. ऑफिस बंद व्हईल.”

ती मान खाली घालून निघाली आणि दोन पावलांवर थबकली. प्रयोगशाळेत यायचं तर चपला-बूट बाहेर काढायचे, असा कॉलेजचा नियम. तिचे पाय अनवाणी होते. राजवर्धनच्या पायांत नवेकोरे, गुळगुळीत मोजे.

“काय झालं? कळलं का काय?” पप्पांनी विचारलं.

“न्हाय. अजून कायच न्हाय कळलं,” ती म्हणाली आणि माघारी वळून तिनं दोरी उचलली. “तुमी बसा जरा, पप्पा. राजवर्धन, मोजे काढ.”