पेंटरचा नंबर

धाकट्याने गाडीच्या दाराच्या खालच्या कडेला बोटाने टकटक केली, कान जवळ नेला आणि मान हलवली.

"दादा, गंज न काढता वरून पुट्टी थापलीस?"

"व्हिडिओत तसंच दाखवलं होतं," सर म्हणाले.

"त्या व्हिडिओवाल्याला ही गाडी चालवायची नाहीये."

सरांनी चष्मा पुसला. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होता. म्हणून त्यांनी पुट्टीचा डबा, पत्रा आणि रंगाचे स्प्रे आणून इमारतीच्या पार्किंगमध्ये आठ दिवस खपून स्वतःच काम केलं. नवव्या दिवशी रंगाला फोड आले. हात दाखवून अवलक्षण! रविवारी मुलगी हीच गाडी घेऊन नोकरीच्या गावी जाणार होती. आहे तशी चालेल, असं ती म्हणाली होती. पण फुटक्या गाडीतून मुलगी कामावर उतरली की लोक बापाला काय म्हणतील, ही चिंता सरांना होती. शेवटी त्यांच्या नकळत बायकोने दिराला फोन केला.

धाकटा डेंटर-पेंटर होता. पंचेचाळीस वर्षं पत्रे ठोकून त्याची बोटं जाड झाली होती. सर प्राचार्य म्हणून निवृत्त झाले, आणि या इमारतीत राहायला येऊन सहा वर्षं झाली तरी त्यांना भाऊ आहे हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं नाही, अशी सरांनी स्वतःची समजूत घातली होती. धाकट्याला गॅरेजात घातलं होतं तेही त्यांच्याच शब्दावरून. कॉलेजात असताना त्यांनीच वडिलांना सांगितलं होतं, याच्या डोक्यात काही शिरायचं नाही, उगाच वेळ घालवू नका.

धाकट्याने पुट्टी खरवडून काढली. खालचा पत्रा हात लावताच भुगा होऊन पडला. त्याने कुजलेला भाग कापला, नवा तुकडा ठोकून बसवला आणि पातळ पुट्टीचा हात दिला. ती वाळल्यावर वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद, बादलीत बुडवून तो दार घासू लागला. सरही शेजारी उकिडवे बसून घासत होते.

"जोर नको लावूस. तळवा सपाट ठेव."

"बरं."

आयुष्यात पहिल्यांदाच धाकटा त्यांना शिकवत होता, आणि सरांना ते आवडतही होतं. तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी भाजीची पिशवी घेऊन आत आले. सर चटकन उठून उभे राहिले.

"वा! आता कशी गाडी दिसतेय!" सेक्रेटरींनी दारावरून हात फिरवला. "सर, हा कारागीर कुठून पकडलात?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी सरांचा नेहमीचा पेंटर," धाकटा मान वर न करता म्हणाला.



"आमच्याही गाडीचं बघायचंय. नंबर देता का, सर?"

सरांनी मोबाइल काढला आणि नंबर वाचून दाखवला.

"नाव काय टाकू?"

"पेंटर टाका, साहेब," धाकटा म्हणाला. "सरांच्या फोनमध्ये तेच आहे."

सेक्रेटरींनी तसं टाकलं आणि ते जिन्याकडे वळले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं.

"तू कधी पाहिलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा. तुझा फोन सापडत नव्हता, म्हणून मी रिंग दिली. उशीखाली वाजत होता, पडद्यावर ‘पेंटर’ आलं होतं." त्याने कागदाची घडी उलटी केली. "चार वर्षं झाली त्याला. तू हात का थांबवलास? वाळलं की ओरखडे पडतात."

सर खाली बसले. त्यांनी दोनदा घासलं. तिसऱ्यांदा हात पुढे जाईना.

"पाणी गढूळ झालंय, दादा. बदलून आणतोस?"

जिन्याखालच्या नळाशी सेक्रेटरी भाजीची जुडी धूत होते. सरांनी बादली ओतली, विसळली आणि नळाखाली धरली. पाणी काठापर्यंत आलं, सांडायला लागलं, तरी ते नळ बंद करीनात.

"तो माझा भाऊ आहे," ते म्हणाले. "सख्खा. धाकटा."

सेक्रेटरींच्या हातातली जुडी तशीच राहिली. "अहो, मग तो स्वतःला पेंटर म्हणाला ते?"

"मी म्हणू दिलं."

सेक्रेटरींनी उगाच भाजी पुन्हा धुतली. सर बादली उचलून निघाले. गाडीपर्यंतचं अंतर वीस पावलांचं होतं आणि तेवढ्यात त्यांनी धाकट्याला सांगायची तीन वाक्यं मनाशी जुळवली.

"एवढा वेळ लावलास?" धाकट्याने विचारलं.

सरांनी बादली त्याच्याजवळ ठेवली.

"नळाला धार बारीक होती," ते म्हणाले आणि तळवा सपाट ठेवून घासायला बसले.