टॅन्सी शोभेची नाही

टॅन्सीची नखं कापायची म्हणजे हेटी ब्रॅमल आधी तिच्या पोटावर माशाच्या तेलाचे दोन थेंब सोडायची. टॅन्सी म्हणजे फेरेट, सशांच्या बिळात शिरून शिकार करणारी, मुंगसासारखी दिसणारी. ती एकदा तेल चाटण्यात गुंग झाली, की नखांचं काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो. युक्ती तिच्या नवऱ्याची, नॉर्मनची. आधी खाण बंद पडली, मग खाणीतला नॉर्मनही गेला. मागे राहिली ही युक्ती, सशांच्या बिळांवर टाकायची जाळी आणि त्याच्या लाडक्या मादीची ही पणती.

आणि आता घरं देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं होतं. हेटी राहत होती त्या म्हाताऱ्यांसाठीच्या बैठ्या घरांत पाळीव प्राणी चालेल, कामाचा चालणार नाही. कुणीतरी चुगली केली होती. बुधवारी संस्थेची बाई तपासायला येणार. टॅन्सी कामाची ठरली तर तिने तरी जायचं, नाहीतर हेटीने तरी.

शेजारचा सिरिल दोन दिवस हेटीला पढवत होता.

"ती विचारील, ससे धरते का? तू म्हणायचं, छे हो, नुसती लोळत असते. बास."

"खोटं बोलू?"

"खोटं कसलं? अठरा तास लोळतेच की ती."

"आणि उरलेले सहा?"

"त्या सहा तासांबद्दल गप्प बसायचं. जन्मात एकदा गप्प बसून बघ हेटी, मरत नाहीस."

हेटीने कबूल केलं. जाळी सिरिलच्या पलंगाखाली गेली.

बुधवारी संस्थेच्या मिस प्रायर आल्या तेव्हा नखं कापणं चालूच होतं. पोरगी गोड बोलणारी निघाली आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. खडूस असती, तर हेटी तिच्याहून खडूसपणे गप्प बसली असती.

"किती गोंडस आहे हो," मिस प्रायर म्हणाल्या. "हिला कसली जमतेय शिकार. यजमानांची आठवण म्हणून ठेवली असेल ना, शोभेला?"

स्वयंपाकघरात कान देऊन बसलेला सिरिल खोकला. 'छे हो' हेटीच्या ओठावर आलं होतं. पण तिची नजर टॅन्सीच्या फाटक्या कानावर गेली. तीन वर्षांपूर्वी रेल्वेच्या बांधाखाली ही चार तास अडकली होती. हेटी चिखलात गुडघे टेकून हाका मारत राहिली, आणि ही रक्ताळलेल्या कानानिशी बाहेर आली, ससा न सोडता. शोभेला म्हणे. हेटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गेल्या हिवाळ्यात एक्केचाळीस ससे धरलेत हिने," ती म्हणाली. "चर्चमागच्या थडग्यांखालची बिळं कुणी रिकामी केली, विचारा पाद्रीबुवांना."

स्वयंपाकघरात कप फुटला. सिरिलचं दोन दिवसांचं पढवणं पालथ्या घड्यावरचं पाणी ठरलं होतं.

मिस प्रायरनी पेन खाली ठेवलं. "मी अजून काही लिहिलेलं नाही, मिसेस ब्रॅमल. पुन्हा विचारते. ही पाळीव आहे ना?"

"आहेच. माझ्या स्वेटरात झोपते. आणि कामाचीही आहे. माझा नवराही दोन्ही होता, त्याला नाही कुणी घराबाहेर काढलं. लिहा तुम्ही. एक्केचाळीस आकड्यात नको, अक्षरी लिहा."

शुक्रवारी नोटीस आली. अठ्ठावीस दिवसांत टॅन्सीने जायचं, नाहीतर हेटीने.

"झालं समाधान?" सिरिल म्हणाला. "आता काय करणार आहेस?"

"अठ्ठावीस दिवस म्हणजे चार शनिवार. जाळी दे माझी."

हेटीला रडू आलं होतं, पण ते तिने नखं कापायच्या कात्रीबरोबर खणात टाकलं. शनिवारी सकाळी टॅन्सीची पेटी खांद्याला अडकवून ती संस्थेच्या कचेरीच्या खिडकीसमोरून टेकडीकडे गेली. तो रस्ता लांबचा होता. दुपारी त्याच रस्त्याने परतली, तेव्हा हातात तीन ससे होते. एक सिरिलला दिला, एक शिजायला ठेवला. तिसरा तिने कचेरीच्या दाराच्या मुठीला टांगला, आणि कुणाला उगाच चुगली करायचे कष्ट पडू नयेत म्हणून चिठ्ठीवर आपलं पूर्ण नाव आणि घराचा नंबर लिहिला.