चिकटपट्टीखालचं गाव

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, आज मी माझी कर्तबगारी सांगायला बसलेलो नाही. माझ्या पोटात घडलेला एक गुन्हा सांगायचा आहे.

मी जपानमध्ये जन्मलो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात, पापाटोएटोए भागातल्या एका दुकानातून सुलेखाताईंनी मला १९९१ साली माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरी आणले. त्यांचे यजमान अनिरुद्धराव माझ्यावरची धूळ पुसत म्हणायचे, "याचा आवाज म्हणजे खणखणीत नाणं!" मीही फुगून जाई.

ताई एका वृद्धाश्रमात नर्स होत्या. तिथल्या हिल्डाआजी इंग्लंडमधल्या एका खेड्यात वाढलेल्या. क्राइस्टचर्चला राहणाऱ्या मेरियनसाठी, आपल्या लेकीसाठी, त्यांना ते गाव सांगून ठेवायचे होते. म्हणून सुटीच्या दिवशी ताई मला पिशवीत घालून त्यांच्याकडे गेल्या. आजी अर्धा तास बोलल्या. थंडीत गोठलेला हातपंप वडील पेटत्या गवताने मोकळा करीत. पाळलेला हंस पोस्टमनच्या पोटरीला चावे. भाऊ वॉल्टर शेजारचे प्लम चोरी. हंसाचे सांगताना त्या खुदखुदत होत्या आणि तेही मी टिपले.

कुणी पुसू नये म्हणून ताईंनी कॅसेटच्या मागचा प्लास्टिकचा तुकडा मोडला. नाव मात्र लिहिले नाही. उद्या लिहीन, उद्या पाठवीन, असे म्हणता म्हणता महिना गेला. त्यातच हिल्डाआजींना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली.

गणपती जवळ आले. वाईच्या आजींना नातीच्या तोंडून आरत्या ऐकायच्या होत्या. घरात कोरी कॅसेट नव्हती. अनिरुद्धरावांनी खणातून एक काढली.

"नाव नाही, गाव नाही. जुनी गाणी असतील. सुलेखा, चिकटपट्टी दे गं, मागचं भोक बुजवलं की यावर पुन्हा भरता येईल."

ड्यूटीवरून आलेल्या ताई पोळ्या लाटत होत्या. पीठ लागल्या हातानेच त्यांनी दवाखान्याची पट्टी काढून दिली. कॅसेटकडे पाहिलेसुद्धा नाही.

"किया ओरा, आजी!" ताईंची आठ वर्षांची लेक इशिता माओरी भाषेतला नमस्कार करीत ओरडली. "आय नो हीप्स ऑफ आरत्या!"

मित्रांनो, माझ्या पोटात फीत आधी पुसली जाते, मग तिच्यावर नवे उमटते. मी ती कॅसेट ओळखली होती. पण उसन्या आवाजावर जगणाऱ्याला स्वतःचा आवाज कुठला? इशिता गात राहिली, शाळेच्या गमती सांगत राहिली आणि मी पुसत राहिलो.

तीन आठवड्यांनी वाईहून पत्र आले. "इशूच्या आरत्या ऐकून डोळे भरून आले. पण शेवटी ती म्हातारी बाई कोण गं? इंग्रजी कळलं नाही, पण फार मायेनं बोलत होती."

ताईंनी धावत जाऊन खण धुंडाळला. "अहो, पट्टी मी माझ्या हातानं दिली हो!"

कॅसेट परत मागवली. आरत्यांनंतर वॉल्टरच्या प्लमची चार मिनिटांची गोष्ट तेवढी उरली होती.

ताई मला घेऊन हिल्डाआजींकडे गेल्या. त्यांचा हात धरून सगळे कबूल केले, रडल्या. मग नव्या कॅसेटवर, नाव लिहून, आठवेल तसे ते गाव स्वतःच सांगू लागल्या. चुकले की आजी बऱ्या हाताने पलंगाच्या कठड्यावर टकटक करीत. हंस पांढरा, असे ताई म्हणाल्या. टकटक. करडा? टकटक थांबली.

ख्रिसमसला मेरियन आली. ताईंनी आधी चूक सांगितली, मग दोन्ही कॅसेट लावल्या. ती टकटक मेरियनने तीनदा ऐकली. ताईंकडे न बघताच ती म्हणाली, "मम नेव्हर लेट एनीवन गेट दॅट गूस राँग." त्या हंसाबाबत आईने कधी कुणाला चुकू दिले नाही, एवढेच; माफ केले, असे काही म्हणाली नाही.

आता मी गॅरेजमध्ये असतो. मित्रांनो, आपल्या माणसाचा आवाज हाती आला, तर त्याच दिवशी त्यावर नाव लिहा. उद्यावर टाकू नका. तो हातपंप, तो हंस सगळे नव्या कॅसेटवर आहे, पण ते सुलेखाताईंच्या आवाजात. हिल्डाआजींचे खुदखुदणे कुठेच नाही. ते मी पुसले.