राणीच्या गालावरचा अंगठा

चांदीच्या जुन्या नाण्यांना लोक काय काय करतात ते ऐकलंत तर हसाल. कुणी तारेच्या ब्रशने घासून चमकवतं, कुणी ओरखड्यांत पुट्टी भरतं, तर कुणी जुनेपणाचा निळसर रंग चढावा म्हणून उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत कोंडून ठेवतं. सत्तावीस वर्षं मी असली नाणी पकडतोय. एक दिवा, एक भिंग आणि मऊ कापड, एवढंच माझं दुकान. संग्राहक पाठीमागे मला 'खवचट' म्हणतात. म्हणोत बापडे. रंगरंगोटी केलेलं नाणं दिसलं की माझं डोकं फिरतं, मग मी कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही.

परवा ताईने एक नाणं माझ्यापुढे ठेवलं आणि ते मी लगेच ओळखलं.

भावोजींना जाऊन तीन महिने झाले होते. त्यांचा संग्रह ताई वस्तुसंग्रहालयाला देणार होती. तिथल्या बाई म्हणाल्या होत्या, राणीच्या चेहऱ्याचं हे मोठं नाणं मूळ अवस्थेत असेल तर त्याची वेगळी काचपेटी करू आणि तिच्यावर तुमच्या यजमानांचं नाव घालू. त्यासाठी नाण्यांचा पारखी म्हणून माझा लेखी दाखला हवा होता. ताईला मूलबाळ नाही. भावोजींचं नाव कुठेतरी राहावं, एवढीच तिची इच्छा.

"तूच दिलं होतंस ना ह्यांना?" ताई म्हणाली. "मग बघ की."

मीच दिलं होतं, बावीस वर्षांपूर्वी. बदल्यात त्यांच्याकडची तीन उत्तम नाणी उचलली होती. राणीच्या गालावर बारीक ओरखडे होते. मी नाकाच्या कडेला अंगठा घासला आणि तोच अंगठा तिच्या गालावरून हलकेच फिरवला. चेहऱ्याचं तेल ओरखड्यांत बसतं आणि ते दिसेनासे होतात. सोपी युक्ती आहे. फक्त ते तेल जन्मभर तसंच राहत नाही.

मी दिव्याखाली नाणं तिरकं करून फिरवलं. हात न लावलेल्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. इथे तो फिरत आला आणि गालापाशी विझला. तिथे पिवळट साय धरली होती, बरोबर अंगठ्याएवढी.

मला भावोजी आठवले. मी त्यांच्याकडे गेलो की चहाच्या आधी हे नाणं आणि भिंग माझ्या हातात यायचं. "बघ रे जरा. काय वाटतं?" मी म्हणायचो, "अप्रतिम!" ते मान हलवायचे आणि नाणं डबीत ठेवायचे. मला वाटायचं, माणसाला मिरवायची हौस आहे. शेवटच्या आजारपणातसुद्धा त्यांनी ताईला ते कपाटातून काढायला लावलं होतं. मी घड्याळाकडे बघत म्हणालो होतो, "अप्रतिम आहे, भावोजी. पडा आता."

समोर कोरा दाखला होता. 'मूळ पृष्ठभाग' असं लिहून सही ठोकली असती, तर कोण विचारणार होतं मला? भावोजींचं नाव लागलं असतं, माझंही राहिलं असतं. मी पेन उचललं, पण त्या सायीवरून नजर हलेना. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि वर त्याच कुंपणाकडे राखणीचा दाखला मागितला जात होता. मला माझी किळस आली.

"ताई, ह्याच्यावर तेल फिरवलंय," मी म्हणालो. "मीच फिरवलंय. देण्याआधी."

ताईने डबीचं झाकण हातात घेतलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"ह्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून. गालावर डाग दिसायला लागला तेव्हापासून. मी म्हटलं, चांगलं खडसवा त्याला. तर म्हणाले, नको, पोरगा हुशार आहे, आज ना उद्या स्वतःच सांगेल. मी आपला विचारत राहतो."

मला वर बघवेना. किती वेळा विचारलं असेल त्यांनी? दिवाणखान्यातल्या प्रत्येक भेटीत, प्रत्येक चहाच्या आधी, आणि शेवटी त्या खाटेवरून.

"मग तू हे माझ्याकडे कशाला आणलंस?" मी विचारलं.

"ह्यांच्या वतीने शेवटचं विचारायला. खोटं लिहिलं असतंस तर मी मुकाट्याने घेऊन गेले असते. नाव तरी लागलं असतं ह्यांचं."

मी दाखल्यावर लिहिलं: पृष्ठभाग बदललेला. 'बदल कोणी केला' ह्या रकान्यात मी नेहमी 'अज्ञात' लिहितो. ह्या वेळी माझं नाव लिहिलं आणि सही केली. ह्यानंतर माझ्या सहीला बाजारात कोणी विचारणार नाही.

ताईने कागदाची नीट घडी घातली, डबी पिशवीत ठेवली आणि उठली. दारापाशी तिला रडू फुटलं. मी खांद्यावर हात ठेवायला गेलो, तर तिने तो बाजूला केला.

"तीन महिने आधी सांगायचं होतंस रे," ती म्हणाली. "ऐकायला ते होते."