पोराचा भाव

नांदेडचा माणूस साध्या कपड्यांत अंगणात येऊन टेकला, तेव्हाच अंबिकेनं ओळखलं. भावानं, सत्यमनं, फोनवर बजावलं होतं, "अक्का, सैन्याच्या गुप्त संदेशांच्या कचेरीत नोकरी लागून राहिली. घरी चौकशीला येतील. कर्जाचं तोंडातून काढू नको, मी फॉर्मात 'काही नाही' लिहिलंय. आबांना सांगूच नको, गावभर करतील."

कर्ज तरी कसलं! दवाखान्याचं न्हाई, बी-बियाण्याचं न्हाई. कार, महागडा फोन, आन् देवणीच्या चौकात पुढाऱ्याशेजारी स्वतःचं थोबाड छापलेले बॅनर. हप्ता म्हणून भरला न्हाई. बहिणीच्या पाटल्या गहाण टाकल्या त्या टाकल्याच; मागितल्या की "देतो की गं!" निलाजरा मेला.

"सत्यमबद्दल विचारायचं होतं," एवढं पाव्हणा म्हणायचा अवकाश, तिचा बाप ज्ञानोबा मांडी ठोकून बसला. मुलीकडचा आला, अशी त्याची खात्रीच झाली.

"विचारा की!"

"त्याच्यावर कुणाचं कर्ज?"

दुसऱ्या बापानं झाकलं असतं. पण ज्ञानोबाची तऱ्हाच न्यारी. हुंडा मागितला की कायदा आडवा येतो, म्हणून दर सोयरिकीत तो पोराचं देणंच पुढं करायचा. देणं जेवढं मोठं, तेवढा नवरदेव भारी!

"हाय ना! कारचं नऊ लाख, लातूरच्या फायनान्सचं चार, मोबाइलवरच्या ॲपातून उचललेलं तीन. वसुलीवाले येतात, पोरगं मागच्या दारानं पसार! लई हुशार. आम्हाला हुंडा नको, हे तेवढं मिटवा."

अंबिका चहा घेऊन उभी होती. एका शब्दानं बापाला थांबवता आलं असतं. तिनं कप पुढं केला.

पाव्हण्यानं चहा घेतला नाही. "कर्ज सांगून हप्ते भरत असता, तर निभावलं असतं. पण ह्यानं लपवलं. वसुलीवाल्यांना भिऊन पळणाऱ्याकडून गुपित विकत घ्यायला किती वेळ लागतो? तसंच लिहून पाठवावं लागेल."

"आन् मुलगी?" ज्ञानोबानं विचारलं.

"कसली मुलगी? मी सरकारी चौकशीला आलोय."

तो गेल्यावर ज्ञानोबा लेकीवर उसळला. "तुला ठावं होतं?"

"हाव."

"मग गप का बसलीस, कैदाशिणी?"

"मधी कशी बोलू, आबा? तुम्ही भाव सांगून राहिला होता."